दयेचा खर्च

मुक्या जनावरावर दया करावी, हे कोणी नाकारत नाही. कीर्तनात तेच ऐकलं, शाळेत तेच शिकलो. पण त्या दयेचा खर्च कोणी करायचा, हे काही कोणी सांगत नाही. आमच्या खानदेशात हा प्रश्न दर हिवाळ्यात हरभऱ्याच्या शेतात उभा राहतो. नीलगाय, आमच्याकडं तिला रोही म्हणतात, रात्री कळपानं येते. सकाळी पाहावं तर घाटे धरलेला हरभरा निम्मा खाल्लेला, निम्मा तुडवलेला.

एका जानेवारीत कापसाची शेवटची वेचणी उरकली आणि मी व आमची मंडळी, दोघंच गाडी घेऊन राजस्थानच्या वाळवंटाकडं निघालो. धुळ्याहून सुरत, अहमदाबाद, पालनपूर करत बाडमेर. वाळू, खुरटी झुडपं, कुठं चरणारा चिंकारा, आणि कोरड्या शेतात राखलेलं एखादं काटेरी झाड. मंडळीनं गाडी थांबवायला लावली. “हाई ते आपली सौंदड शे!” खरंच तीच. दसऱ्याला आपण जिला पूजतो ती शमी. तिकडं तिला खेजडी म्हणतात. पाला जनावरांना, शेंगांची भाजी माणसांना, आणि झाडाखाली बाजरी.

जैसलमेरकडं माळढोक बघायचा होता. तो दिसला नाही. पवनचक्क्या आणि विजेच्या तारा मात्र क्षितिजापर्यंत. हा पक्षी जड, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. त्याला समोरचं कमी दिसतं, तार कळेपर्यंत तो तिच्यावर आदळलेला असतो. मादी बहुधा एकच अंडं घालते. सुप्रीम कोर्टानं २०२१ साली तारा जमिनीखालून न्या म्हणून सांगितलं, पुढं त्यात बदल केला. म्हणजे वीज माणसाची आणि तिची किंमत पाखरानं मोजायची. आमच्या साक्रीकडच्या डोंगरावरही पवनचक्क्या फिरतात, त्यामुळं हा हिशेब मला परका वाटला नाही.

फलोदीजवळ खीचन नावाचं गाव आहे. मंगोलिया, मध्य आशियाकडून हजारो करकोचे हिवाळ्यात तिथं उतरतात. गाव त्यांना रोज दाणे टाकतं. धान्य एकाच्या कणगीतलं नसतं. गावकरी देतात, व्यापारासाठी बाहेर गेलेलेही पाठवतात. पुढं जोधपूरजवळ खेजडली. १७३० साली राजाची माणसं खेजडी तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिच्यामागं एकूण ३६३ बिश्नोई कापले गेले. जांभोजींनी घालून दिलेले एकोणतीस नियम सगळ्या समाजाचे होते, म्हणून एकीच्या मागं इतके उभे राहिले. तिथले सगळे देवमाणसं आहेत असं मी म्हणत नाही. पण राखणं ही एकट्याची हौस नव्हती, एवढं कळलं.

आमच्याकडं काय होतं? ज्याच्या खिशात पैसा, तो शेताला झटका मशीन बसवतो. रोही उपाशी थोडीच राहणार! ती बांध ओलांडून ज्याच्याकडं मशीन नाही त्याच्या शेतात जाते. म्हणजे सगळ्या गावाची दया सर्वांत गरीब माणसाच्या पिकातून वसूल होते. ही दया नाही, हा दंड आहे. तोच मग वैतागून उघड्या तारेत वीज सोडतो. जनावर मरतं, कधी माणूसही. तेव्हा त्याला निर्दयी म्हणायला आपण मोकळे! सरकारी भरपाईची सोय आहे. ती पिकाची होते, थंडीत मचाणावर काढलेल्या रात्रींची होत नाही.

माझ्या लहानपणी खळ्यावर रास पडली की सुतार-लोहारांचे वाटे निघायचे. त्या रीतीत अन्यायही पुष्कळ होता, ती जशीच्या तशी परत नको. पण वाटा सगळ्या गावाच्या राशीतून निघायचा, एकाच्या नाही. तसंच शिवारातल्या प्रत्येकानं एकरी थोडे पैसे काढावेत आणि ज्याचं शेत डोंगराला लागून आहे, त्याची तूट त्यातून भरावी. गावात मी हे दोनदा मांडलंय. एकरी किती, यावर वाद चालू आहे. चालू द्या. निदान खर्च कोणाचा, हे तरी आता बोललं जातंय.