मधले नाव कोणाचे?

मराठी माणसाचे पूर्ण नाव परंपरेने तीन भागांचे असते: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. विवाहित स्त्रीच्या नावात मधली जागा बहुधा पतीच्या नावाकडे जाते. आडनाव कुळाकडून येते, मधले नाव नात्याने ठरते, निवडायचे उरते ते फक्त पहिले. बारशाआधी हल्ली जी नावे जुळवणारी ऑनलाइन साधने पाहिली जातात, त्यांतील पुष्कळांचा साचा मात्र पाश्चात्त्य नामपद्धतीवर बेतलेला असतो. तिकडे मधले नाव हे आईवडिलांनी हौसेने निवडलेले दुसरे नाव असते आणि ते आडनावाशी कसे जुळते हे पाहण्यात अर्थ असतो. कोल्हापुरातल्या घरात त्याच रकान्यात बापाचे नाव भरले जाते. ते बदलता येत नाही, म्हणून बाळाचे नावच पुढेमागे सरकवून पाहिले जाते. त्यातून एक जुना तात्त्विक प्रश्न नव्याने उभा राहतो: नाव आणि नाव धारण करणारा यांचा संबंध कोणता, आणि नाव ‘जुळते’ तेव्हा नेमके काय जुळते?

ही साधने साधारणपणे तीन कसोट्या लावतात: जन्मनक्षत्राचे अक्षर, उच्चाराचा मेळ आणि अंकांची बेरीज. तिन्हींचे तात्त्विक वजन सारखे नाही.

नक्षत्राक्षराची कसोटी अवकहडा चक्रावर उभी आहे. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण धरून १०८ चरण होतात आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर नेमलेले असते. अश्विनीच्या चार चरणांना चू, चे, चो, ला ही अक्षरे येतात. जन्मवेळ भरली की साधन हे अक्षर क्षणात सांगते. पूर्वी हे काम पंचांग आणि जोशी करीत. पण परंपरेने या अक्षराला सगळे नाव बहाल केलेले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी लिहिलेल्या ‘धर्मसिंधू’त नावाचे चार प्रकार सांगितले आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. म्हणजे एकाच बालकाला चार नावे असू शकतात आणि नक्षत्राचे नाव त्यांपैकी केवळ एक. पत्रिकेतले नावरस नाव वेगळे आणि शाळेच्या पटावरचे वेगळे, हा प्रघात याच विभागणीतून आला आहे. व्यवहारातल्या नावाने, तेही मधल्या नावाशी आणि आडनावाशी मिळून, ग्रहांना अनुकूल करून घ्यावे, अशी अपेक्षा या विभागणीत बसत नाही.

उच्चाराची कसोटी त्याहून जुनी आहे. पतंजलीच्या ‘महाभाष्या’त याज्ञिकांचा एक नियम नोंदलेला आहे. मुलाचे नाव घोष व्यंजनाने सुरू व्हावे, मध्ये य, र, ल, व यांपैकी अंतःस्थ वर्ण असावा, ते दोन किंवा चार अक्षरांचे असावे, पित्याच्या तीन पूर्वजांशी नाते सांगणारे असावे आणि शत्रूकडे रूढ असलेले नसावे, असे तो सांगतो. मुलींची नावे उच्चारायला सोपी आणि दीर्घ स्वरान्त असावीत, असे मनुस्मृती म्हणते. नाव कानाला कसे लागते, अक्षरे किती, घराण्याशी त्याचा धागा कोणता, हे सारे प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीही विचारले जात होते. वडिलांचे नाव रामचंद्र असताना मुलाचे नाव राम ठेवले तर पूर्ण नाव अडखळते, हे सांगायला शास्त्रही लागत नाही आणि यंत्रही. ही कसोटी सौंदर्याची आहे. तिच्यात भविष्याचा दावा नाही आणि म्हणून ती निरुपद्रवी आहे.

तिसरी कसोटी दावा करते. अंकशास्त्राची साधने नावातील प्रत्येक अक्षराला अंक देतात, बेरीज एका अंकावर आणतात आणि त्यावरून आयुष्याचे भाकीत करतात. अडचण अशी की हा हिशेब इंग्रजी स्पेलिंगचा असतो. ‘शाहू’ हे नाव रोमन लिपीत एस, एच, ए, एच, यू असे लिहिले तर खाल्डियन म्हणवल्या जाणाऱ्या पद्धतीने बेरीज २० येते आणि मूळ अंक २ ठरतो. पायथागोरसच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीने तीच बेरीज २१ होते आणि मूळ अंक ३. स्पेलिंगमध्ये एक जादा ‘ए’ घातला की पहिल्या पद्धतीचाही अंक ३ होतो. उच्चार तोच, माणूस तोच, देवनागरीतले नावही तेच. भाग्य मात्र लिपी आणि पद्धत बदलली की बदलते. कोल्हापूर दरबारचे जुने कागद मोडीत आहेत आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. त्या कागदांतल्या माणसांचा अंक कोणत्या लिपीवरून काढायचा, याला उत्तर नाही. भारतीय परंपरेत अक्षरांना अंक देणारी ‘कटपयादि’ पद्धत होती, पण तिचा उपयोग खगोलगणितातल्या संख्या श्लोकांत बसवायला आणि कर्नाटक संगीतात मेळकर्त्यांचे क्रमांक सुचवायला झाला.

नावाचा अर्थाशी संबंध कसा असतो, यावर दर्शनांचे मतभेद प्रसिद्ध आहेत. मीमांसकांच्या मते शब्द आणि अर्थ यांचा संबंध स्वाभाविक आणि नित्य आहे. नैयायिकांच्या मते तो संकेताने ठरतो. पण हा वाद ‘गाय’, ‘घट’ यांसारख्या सामान्य शब्दांचा आहे. एखाद्या व्यक्तीचे नाव कोणीतरी, कधीतरी ठेवलेले असते, हे नित्यत्ववाद्यांनाही नाकारता येत नाही. व्याकरणशास्त्रात अशा नावांना यदृच्छाशब्द म्हणतात: ठेवणाऱ्याच्या इच्छेवर चालणारे शब्द. कोल्हापूर परिसरात मोठ्या संख्येने असलेल्या जैन समाजाच्या परंपरेत हीच गोष्ट निक्षेपांच्या, म्हणजे शब्दाचा अर्थ लावण्याच्या रीतींच्या, सिद्धान्तातून मांडली जाते. ‘तत्त्वार्थसूत्रा’त नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप येतात. इंद्राचे गुण नसलेल्या मुलाला इंद्र म्हणणे हा नामनिक्षेप. त्या नावाने मुलगा इंद्र होत नाही. बौद्धांच्या ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला हेच रथाच्या दृष्टान्ताने पटवतो: चाक, आस, दांडी यांच्या जुळणीला ‘रथ’ म्हणतात, तसे ‘नागसेन’ हेही व्यवहारापुरते संबोधन आहे. एरवी एकमेकांचे खंडन करणारी ही मते व्यक्तिनामाच्या बाबतीत मात्र जवळ येतात.

कर्मसिद्धान्त लावला तर अंकाचा दावा आणखी अडचणीत येतो. केलेल्या कर्माचे फळ चुकत नाही आणि न केलेल्याचे मिळत नाही, हे त्या सिद्धान्ताचे मूळ गृहीत. स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवून संकट टळत असेल, तर कृतनाश आणि अकृताभ्यागम हे दोन्ही दोष एकदम येतात. नामकरण हा संस्कार आहे आणि त्याला आयुष्यवृद्धी, व्यवहारसिद्धी अशी फळे सांगितली आहेत हे खरे. पण ती विधीची आणि संस्काराची फळे आहेत, अक्षरांच्या बेरजेची नव्हेत.

यावर भक्तिमार्गाकडून एक वजनदार आक्षेप येतो. नाम आणि नामी एकच, ही वारकऱ्यांची श्रद्धा आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ मरताना मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारतो आणि तरतो. देवाचे नाव मुलाला ठेवण्यामागे ही कथा उभी आहे. जोतिबावरून जोतिराम, नरसोबाच्या वाडीवरून नरसू आणि दत्तात्रय, अंबाबाईवरून अंबूबाई ही कोल्हापूरकडची नावे त्याच श्रद्धेची आहेत. पण कथा नीट पाहिली तर तरतो तो हाक मारणारा. ज्याचे नाव नारायण आहे त्या मुलाला मुक्ती मिळाल्याचे ती सांगत नाही. सामर्थ्य ईश्वरनामाच्या उच्चारात आहे, धारकाच्या कागदपत्रांत नाही. याची दुसरी बाजू दगडू, धोंडू, केरबा या नावांत दिसते. मुले जगत नसलेल्या घरात मृत्यूची नजर चुकावी म्हणून ती ठेवली जात. मुलगी नको म्हणून ‘नकुसा’ हे नाव मात्र नजर चुकवण्यासाठी नव्हते. ते तिच्या तोंडावर रोज उच्चारलेले मत होते. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नावाला शक्ती असते ती इथे दिसते, आणि ती हाक मारणाऱ्या माणसांतून येते.

नाव बदलल्याने माणूस बदलतो का, या प्रश्नाला कोल्हापूरच्या इतिहासात चांगली उदाहरणे आहेत. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव जयसिंगराव घाटगे १७ मार्च १८८४ रोजी दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. नाव, पितृनाम आणि कुळनाम ही तिन्ही एका विधीने पालटली. कादंबरीकार वि. स. खांडेकर हे मूळचे गणेश आत्माराम. दत्तकविधानानंतर ते विष्णू सखाराम झाले, आडनाव तेवढे राहिले. कोल्हापूरचे शांताराम राजाराम वणकुद्रे यांनी मधले नाव सोडले, आडनाव एका अक्षरात आवळून पुढे घेतले आणि ते व्ही. शांताराम झाले. पहिल्या दोन उदाहरणांत नावाबरोबर नाते आणि अधिकार बदलले, तिसऱ्यात केवळ ओळख. नव्या नात्याने शाहूंना गादी दिली. त्या गादीचा उपयोग २६ जुलै १९०२ च्या राखीव जागांच्या जाहीरनाम्यासाठी करायचा, हे मात्र त्यांचे त्यांनी ठरवले.

साधनाने ‘जुळते’ असा कौल दिला, तरी त्यामागे काय असते हे मधल्या नावावरून सर्वांत स्पष्ट होते. पाटील, चौगुले, देसाई, मगदूम ही मुळात हुद्द्यांची नावे. कोल्हापूर भागात ती एकाहून अधिक समाजांत आढळतात, त्यामुळे केवळ आडनावावरून माणसाची जात सांगता येत नाही. ती बहुधा मधल्या नावातून कळते. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वडिलांचे नाव पायगोंडा. ‘गोंडा’ने संपणारे नाव या मुलखात जैन घराची खूण देते, आप्पा, अण्णा यांनी संपणारी नावे कानडी सीमेची सावली दाखवतात. एखादे नाव एखाद्या मधल्या नावाला आणि आडनावाला ‘शोभते’ असे वाटते, कारण तशी त्रयी आधी पुष्कळदा ऐकलेली असते. ऐकण्याची ही सवय समाजाने लावलेली असते. मनुस्मृतीने वर्णावर्णांच्या नावांचे अर्थ वाटून दिले आणि शूद्राचे नाव हीनतादर्शक असावे असे सांगितले, तेव्हा तिनेही शोभण्याचाच निकष लावला होता. प्रचलित नावांच्या साठ्यावरून मेळ ठरवणारे साधन हीच सवय आकड्यांत घालून परत देते. सवयीला निसर्गनियम समजणे ही नावांच्या बाबतीतली सर्वांत मोठी तात्त्विक चूक आहे.

मधली जागा बापाचीच, हाही अशाच सवयीचा भाग आहे. कोल्हापुरात सापडलेल्या, सुमारे पहिल्या-दुसऱ्या शतकातील नाण्यांवर ‘वासिठीपुत विळिवायकुर’, ‘माढरीपुत सिवलकुर’, ‘गोतमीपुत विळिवायकुर’ अशी राजांची नावे आहेत. राजाच्या नावाआधी तिथे आईच्या गोत्रावरून आलेले नाव येते. छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम गुरूपुढे बापाचे गोत्र सांगू शकत नाही. आई जबालेच्या नावाने तो स्वतःची ओळख देतो आणि सत्य बोलला म्हणून शिष्य होतो. तर्पणातही पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचा उच्चार होतो. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेला निर्णय या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम बंधनकारक झाला. विवाहित स्त्रीसाठी पतीच्या नावाची रीत कायम राहिली. मालमत्तेच्या दस्तांत माहेरचे नाव लावण्याची मुभा तिला मिळाली. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिण्याची प्रथा आजही अनेक घरांत आहे. तिच्यात स्त्रीच्या नावाचे तिन्ही भाग एका दिवसात बदलतात आणि ती व्यक्ती तीच राहते, याबद्दल कोणालाही शंका नसते.

या सगळ्याचा व्यवहारातला निष्कर्ष साधा आहे. मधले नाव शोभेसाठी नाही. हे मूल कोणाचे, याचे ते निवेदन आहे, आणि निवेदनाची पारख सत्य-असत्याने होते, जुळण्याने नव्हे. साधनाकडून नावांची यादी घ्यावी, उच्चार तपासावा, नक्षत्राक्षरावर श्रद्धा असेल तर पत्रिकेपुरते तेही पाळावे. अंकांच्या बेरजेसाठी स्पेलिंग वाकवण्याला ना दर्शनांचा आधार आहे, ना कर्मविचाराचा. त्यातून शाळेचा दाखला, आधार आणि पासपोर्ट यांतील नावे एकमेकांशी न जुळण्याची कटकट तेवढी वाढते. घाई करण्याचेही कारण नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची नोंद नावाशिवायही होते आणि बाळाचे नाव नंतर विनाशुल्क घालण्यासाठी नोंदणीपासून बारा महिन्यांची मुदत असते.