दिसले म्हणजे दर्शन झाले काय?



एखादी वस्तू डोळ्यांना दिसली म्हणजे तिचे दर्शन घडले, असे म्हणता येईल काय? प्रश्न फार जुना आहे. दोरीवर भासणारा साप, शिंपेवर भासणारे रुपे, वाळवंटातले मृगजळ, या दृष्टांतांनी आचार्यांनी तो कितीदा तरी चाळून काढला. परंतु हल्ली तोच प्रश्न नव्या वेषाने वारकऱ्याच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला आहे. म्हणून या अंकी त्याचा थोडा विचार करू.

निमित्त असे. आमच्या दिंडीतले एक वृद्ध विणेकरी खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणास खिळून आहेत. त्यांच्या नातवाने डोळ्यांवर बांधावयाचे एक यंत्र आणले. ते लावले की आजोबांना खाटेवर पडल्या पडल्या वारी दिसेल, असा त्याचा बेत. विणेकऱ्यांनी आम्हांस निरोप धाडला, "महाराज, यातून पाहिली तर माझी वारी रुजू होईल का हो? तुम्ही सांगाल तसं." आता वस्तू न पाहता तिच्यावर निर्णय देणे न्यायाला धरून नाही. प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण. तेव्हा आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि ते यंत्र स्वतः लावून पाहिले.

या जातीच्या यंत्रांस जाणकार लोक 'मिश्र वास्तव' दाखविणारी यंत्रे म्हणतात. पॉल मिलग्राम आणि फुमिओ किशिनो या दोघांनी १९९४ साली एक लेख लिहून त्याची मांडणी केली. एका टोकाला निखळ खरे जग, दुसऱ्या टोकाला निखळ यंत्राने रचलेले जग, आणि मधला सारा पट्टा तो मिश्र. ही विद्या काही एका रात्रीत उगवलेली नाही. दोन डोळ्यांना किंचित वेगळी अशी दोन चित्रे दाखविली तर सपाट चित्राला खोली येते, हे इंग्लंडात चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ सालीच दाखवून दिले होते. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवावयाचे एक यंत्र केले. ते इतके अवजड की छताला टांगून ठेवावे लागे. आज त्याच जातीचे यंत्र सुमारे अर्ध्या किलोचे झाले आहे, आणि नातवंडे ते पिशवीत घालून फिरतात.

यंत्र चढविण्यासाठी आम्हांस फेटा उतरवावा लागला. पट्ट्याखाली कपाळीचा गोपीचंदनाचा टिळा पुसला गेला, तो वेगळाच. बुक्का आतल्या भिंगांना लागेल म्हणून मुलाने हळूच रुमाल पुढे केला. आम्हांस वाटले, आता काळोख होईल. पण तसे झाले नाही. तीच खोली, तीच खाट, खुंटीवरची वीणा, सारे जिथल्या तिथे दिसत होते. रंग काय तो थोडा फिका. मग मुलाने काही खटपट केली आणि जमिनीवर एक पितळी समई उभी राहिली. अहो, आम्ही तिच्याभोवती फेरी मारली! मागची बाजू दिसली, वाकून पाहिले तर बैठक दिसली. हात पुढे केला तो मात्र समईतून आरपार गेला. वात जळत होती, पण ऊब नाही, तेलाचा वास नाही. पुढे त्याने दिवे घाट दाखविला. मागल्या वारीत चहूकडचे एकदम टिपणाऱ्या कॅमेऱ्याने घेतलेली ती चित्रे होती. वळून पाहावे तिकडे पताका.

इथवर नवल. खरा विचार पुढेच आहे. आम्ही विचारले, "बाळ, खोली तर आम्ही काचेतूनच पाहतो आहोत ना?" तो म्हणाला, "नाही महाराज. समोर काच नाहीच. बाहेर कॅमेरे आहेत, आत पडदे आहेत. खोलीसुद्धा चित्रच आहे." आणि त्याने कळ दाबून यंत्र बंद केले. समई गेली, घाट गेला, आणि त्यांच्याबरोबर खोलीही गेली. नुसता अंधार. जिला आम्ही खरी म्हणून धरले होते ती खोली आणि जिला खोटी म्हणून हसलो ती समई, दोघी एकाच पडद्यावर, एकाच उजेडाने रंगविलेल्या होत्या.

आता शास्त्र काय म्हणते पाहू. वेदान्तात सत्तेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. भासापुरती ती प्रातिभासिक, व्यवहारापुरती ती व्यावहारिक, आणि कधीही न बाधणारी ती पारमार्थिक. समई पहिल्या पायरीवरची, विणेकऱ्यांची खाट दुसऱ्या पायरीवरची. भ्रमाचेही दोन प्रकार आहेत. दिवा आणला की दोरीवरचा साप जातो, तो निरुपाधिक भ्रम. पण स्फटिकाजवळ जास्वंद ठेवली असता तो लाल दिसतो. लाल नाही हे कळल्यावरही, फूल हलवीपर्यंत, लालच दिसत राहतो. हा सोपाधिक भ्रम. यंत्रातली समई या दुसऱ्या जातीची. ती खोटी हे आम्हांस पहिल्या क्षणापासून ठाऊक होते, तरी ती दिसायची थांबली नाही. म्हणजे ज्ञानाने दिसणे जातेच असे नाही, फसणे जाते. संसारातही ज्ञानी पुरुषाला तेच दिसते जे तुम्हां आम्हांला दिसते. तो फसत नाही, इतकेच.

कोणी म्हणेल, खऱ्याखोट्याची कसोटी सोपी आहे. जे कामाला येते ते खरे. मृगजळाने तहान भागत नाही, त्या समईवर हात शेकत नाही. कसोटी व्यवहारापुरती ठीक आहे, पण ती शेवटची नव्हे. स्वप्नातले पाणी स्वप्नातली तहान भागवतेच की! गौडपादाचार्यांनी हे आपल्या कारिकांत स्पष्ट केले आहे. वर सांगितलेल्या सदरलँड यांनीही १९६५ साली अशी कल्पना मांडली होती की, पुढे एक दिवस यंत्राने दाखविलेल्या खुर्चीवर माणसाला बसताही यावे. समजा, तोही दिवस आला. तरी पाहणारा कोण, हा प्रश्न उरतोच. यंत्र बंद झाले, डोळे गेले नाहीत. डोळे मिटले, तरी काळोख जाणणारा मिटला नाही. त्या जाणणाऱ्यावर कुठलाही पट्टा बांधता येत नाही.

येथे पूर्वपक्षी पुढे सरसावतो. तो म्हणतो, "महाराज, सगळे जगच जर भास, तर यंत्राच्या भासावर राग का? आणि तुमची मूर्ती तरी काय, पाषाणच ना? पाषाणात देव दिसतो, तर पडद्यात का दिसू नये?"

शंका रास्त आहे. पहिल्या भागाचे उत्तर असे की, आमचा संप्रदाय जगाला खोटे म्हणून झटकून टाकणारा नाही. ज्ञानोबारायांनी अमृतानुभवात अज्ञानाचेच खंडन केले आणि हे सारे त्या एका चैतन्याचा विलास म्हणून पाहिले. तेव्हा यंत्रावर राग नाही. नाथमहाराजांच्या भारुडांतही सोंगे आहेत. सोंग बोधाच्या कामी आले तर ते गोडच. दुसऱ्या भागाचे उत्तर असे की, पडद्यातही देव आहे, तो नाही अशी जागाच नाही. घरातल्या तसबिरीला आपण हार घालतोच. प्रश्न देवाचा नाही, आपला आहे. मूर्तीपुढे आपण जातो, रांगेत तिष्ठतो, आणि शेवटी पंढरीची रीत अशी की चरणांवर डोके टेकवितो. तेथे लहान व्हावे लागते. यंत्रात आम्ही दोन बोटांच्या चिमटीने समई लहान केली, मोठी केली, हवी तिथे हलविली. तेथे वस्तूच आमच्या आज्ञेत वागते. ज्या पाहण्यात पाहणाऱ्याचा मीपणा जागचा हलत नाही, ते दिसणे खरे. त्याला दर्शन म्हणताना जीभ अडखळते.

आणखी एक. वारीत माऊली भेटली की आपण एकमेकांच्या पाया पडतो, उराउरी भेटतो. यंत्र लावलेल्या माणसाचे डोळेच झाकलेले. हे उणे करणाऱ्यांनाही जाणवले असावे. ॲपल कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत जे यंत्र विक्रीस काढले, त्याच्या बाहेरच्या अंगाला आतल्या माणसाच्या डोळ्यांचे चित्र उमटावे अशी योजना केली. डोळ्यांची भेट हवी, हे त्यांनाही पटले. पण भेटीच्या जागी पुन्हा चित्रच आले.

मग विणेकऱ्यांना काय सांगावे? आम्ही सांगितले ते असे. "बुवा, खुशाल पाहा. दिवे घाट पाहून डोळे भरून आले तर ते पाणी खोटे नव्हे. पण त्याला वारीचे स्मरण म्हणा. तुमची वारी यंत्रावाचून अडलेलीच नाही." १ जुलै २०२० च्या आषाढीला साथीमुळे संतांच्या पादुका बसने पंढरीस गेल्या, आणि नेमाचे वारकरी घरी राहिले. ज्याने घरी बसून हरिपाठ केला, त्याचा नेम मोडला असे आम्ही तरी म्हणणार नाही. असमर्थाला मानसपूजेची वाट पूर्वीपासून मोकळी आहे. तीत मनाला एकेक फूल स्वतः आणावे लागते, एकेक पाऊल स्वतः टाकावे लागते. डोळ्यांपुढे आयते चित्र आले की मन नुसते बघ्या होते. म्हणून यंत्र उतरवल्यावर डोळे मिटून आळंदीहून निघावे, आणि दर मुक्कामी थांबत वाखरीपर्यंत यावे. हे ज्याला साधले त्याची वारी रुजूच आहे.

परंतु आमचा खरा बोल तरुणांसाठी आहे, बरं का. आजोबांच्या डोळ्यांवर यंत्र बांधले आणि आपण आपल्या कामाला मोकळे झालो, ही वृत्ती घरात शिरली तर यंत्राने अनर्थ केला असे समजावे. पांडुरंग विटेवर का उभा आहे? पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता म्हणून. तो उठून देवाकडे गेला नाही. देव त्याच्यासाठी थांबला. ज्या घरात म्हाताऱ्याच्या उशाशी कोणी बसते, त्याचे पाय चेपते, वारीची हकीकत त्याच्या तोंडून ऐकते, तेथे वीट आधीच मांडलेली आहे. यंत्र असो वा नसो, तेथे देवाला यावेच लागेल.

रामकृष्णहरि.