पस्तावशील!

माझे एक विद्वान मित्र दर जूनमध्ये गुणवंतांचे सत्कार करतात. म्हणजे शाल-श्रीफळ देणारे दुसरेच असतात, खर्च तिसऱ्याचा असतो, मित्र फक्त भाषण करतात. गेल्या जूनमधलं भाषण त्यांनी एका रविवार पुरवणीत छापून आणलं आणि तिथून ते व्हॉट्सॲपवरून आमच्या समस्त नातलगांपर्यंत पोचलं. ‘पश्चात्ताप नको, धडे घ्या’ हा त्याचा सूर. कॉलेजात पाऊल टाकण्याआधी शाळेच्या वर्षांकडून घ्यायचे दहा धडे त्यांनी क्रमांक घालून दिले आहेत. मित्र पारखून जोडा, इंग्रजी सुधारा, वेळेचं नियोजन करा, एक तरी छंद जोपासा, असे. यात वाईट काहीच नाही आणि माझा आक्षेप नेमका तोच आहे. इतका निर्दोष मजकूर ज्याला सुचतो त्याला स्वतःची शाळा आठवत नसावी.

तरीही मी गप्प बसलो असतो. पण मित्रांनी मध्येच स्पिनोझाला ओढलं. पश्चात्ताप हा सद्गुण नव्हे, आणि केल्या गोष्टीचा पश्चात्ताप करणारा दुप्पट दुःखी होतो, असं स्पिनोझा ‘एथिक्स’च्या चौथ्या भागात म्हणतो. ५४वं विधान. म्हणतो हे खरं. पण कोण म्हणतो तेही बघायला हवं. ॲम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने १६५६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ज्याला वाळीत टाकलं, जो पुन्हा आत घ्या म्हणून गेला नाही आणि भिंगं घासत जगला, असा माणूस ते म्हणतो. त्याच्या तोंडी हे वाक्य शोभतं. ९६ टक्के मिळवलेल्या मुलाला पुष्पगुच्छ देताना ते वापरणं म्हणजे उपवासाचं माहात्म्य पंगतीत सांगणं.

शिवाय मित्र पान उलटायला विसरले. त्याच विधानाखाली स्पिनोझाने टीप जोडली आहे. माणसं क्वचितच बुद्धीच्या सांगण्याप्रमाणे वागतात, म्हणून नम्रता आणि पश्चात्ताप यांनी तोट्यापेक्षा फायदाच जास्त होतो, आणि चुकायचंच असेल तर या बाजूला चुकलेलं परवडलं, असं तो तिथे कबूल करतो. ज्याला कशाचीच लाज किंवा भीती उरली नाही, असा जमाव त्याला भयंकर वाटतो. म्हणजे शहाण्याला पश्चात्ताप लागत नाही, पण शहाणे किती? दहावीच्या वर्गात तर शोधूच नयेत.

आणि पश्चात्तापावाचून धडा कसा मिळतो, हे मला कोणी समजावून सांगावं. धडा म्हणजे ‘हे मी वेगळं करू शकलो असतो’ एवढं तरी टोचायला हवं. ते टोचणं काढून टाकलं की उरतं ते सुविचाराचं फळ्यावरचं वाक्य. ‘मला कशाचाच पश्चात्ताप नाही’ म्हणणारे लोक नीट पाहा. बहुतेकांचं सगळं नीट जमलेलं असतं. बारावीला गटांगळी खाल्ली म्हणून उद्योगपती झालो, असं सांगणाऱ्याला व्यासपीठ मिळतं. तशीच गटांगळी खाऊन जो नुसताच बुडाला, त्याला सत्काराचं निमंत्रण जात नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे पश्चात्ताप हा शब्द शाळा संपल्यावर येतच नाही, तो आधीच हजर असतो. ‘सायन्स घेऊन ठेव, नाहीतर नंतर पस्तावशील.’ दहावीचा निकाल लागला की हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. कारणही तयार असतं: सायन्सवाल्याला पुढे कॉमर्सला किंवा आर्ट्सला जाता येतं, उलटं येत नाही. व्यवहार म्हणून हा हिशेब चूक नाही. एकाच बाजूने उघडणारं दार असेल तर माणूस कोणत्या बाजूला उभा राहील? पण त्यामुळे पंधराव्या वर्षीची निवड आवडीने होत नाही, कुवतीनेही होत नाही. ती भावी पश्चात्तापाचा विमा म्हणून होते. हप्ता मात्र मुलगा भरतो, दोन वर्षं, आणि विमा घेतल्यामुळेच पुढे पस्तावणारे मी डोळ्यांनी पाहतो. पहिल्या वर्षाच्या बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवणं हा माझा धंदा आहे.

हे असं व्हावं असं कोणी ठरवलं होतं का? इथे मला एका माणसाबद्दल जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण सत्कार-समारंभांत त्यांचं नाव कोणी घेत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ज्यांचा हात होता, ते. १९६४ साली डॉ. दौलतसिंग कोठारींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला, त्याचे नाईक सदस्य-सचिव होते. १९६६ च्या जूनमध्ये आलेला तो जाडजूड अहवाल कोठारींच्या नावाने ओळखला जातो, पण सदस्य-सचिव म्हणजे अहवालाचं बिऱ्हाड पाठीवर घेणारा माणूस.

आयोगापुढे प्रश्न हाच होता: मुलाला कधी निवडायला लावायचं? त्याआधीच्या मुदलियार आयोगाने नववीपासून वेगवेगळ्या शाखा सुचवल्या होत्या. कोठारी आयोगाने ते मोडीत काढलं. दहा वर्षं सगळ्यांना सारखं सामान्य शिक्षण, मग दोन वर्षं फाटे फुटण्याची. या दोन वर्षांत निम्मी मुलं व्यवसायशिक्षणाकडे वळावीत, हे त्यांचं वीस वर्षांचं उद्दिष्ट होतं. म्हणजे अकरावी-बारावी हा विद्यापीठाच्या दारातला पायपुसण्याचा चौकोन नव्हता. तिथे निम्म्यांनी हाताने काही करून पाहायचं होतं, उरलेल्यांनी विषय चाखून पाहायचे होते. महाराष्ट्राने हा आकृतिबंध उचलला आणि १९७५ साली दहावीची पहिली तुकडी शालान्त परीक्षेला बसली. त्याच वर्षी जुन्या अकरावीवाल्यांचीही परीक्षा झाली. त्या जोड-तुकड्यांची आठवण निघाली की आजही आजोबा मंडळी जागची हलत नाहीत.

चौकट आली, आतलं चित्र आलं नाही. व्यवसायशिक्षणाचं काय झालं ते पाहायचं असेल तर ‘बायफोकल’ पाहा. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, क्रॉप सायन्स असा २०० गुणांचा विषय. तो घेतला की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. आज तो का घेतात? ‘स्कोअरिंग’ आहे म्हणून. ज्वारी आणि बाजरी शेतात उभी असताना ओळखू न येणारी मुलं क्रॉप सायन्समध्ये पैकीच्या पैकी मिळवतात. हाताला काम शिकवण्यासाठी काढलेला विषय टक्केवारीला टेकू म्हणून उरला. मराठीला रजा देऊन तो घेता येतो, हे आपल्या अस्मितावाल्यांच्या कधी लक्षात येतं का, हा वेगळा लेख होईल.

नाईकांचं मोठेपण मला इथे दिसतं. आयुष्याच्या अखेरीला त्यांनी ‘द एज्युकेशन कमिशन अँड आफ्टर’ हे पुस्तक लिहिलं आणि स्वतःच्याच अहवालाचा हिशेब मांडला. कोणत्या शिफारशी उचलल्या गेल्या, कोणत्या फेटाळल्या, कोणत्या नुसत्या धूळ खात पडल्या आणि आयोगाचा स्वतःचा अंदाज कुठे फसला. माझे मित्र ज्याला पश्चात्ताप म्हणून हिणवतात, तो छापील स्वरूपात, तळटीपांसह, असा दिसतो. त्यात रडगाणं नाही. आणि त्यात धडे आहेत, कारण आधी टोचणी आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पुन्हा तेच सांगतं की कला आणि विज्ञान यांच्यात पक्क्या भिंती नकोत. छान. पण आधीची भिंत कोणी, कशी बांधली याचा हिशेब कोणत्या खात्याने दिला?

आता प्रयोगशाळेत या. टायट्रेशन हा प्रयोग शाळा-कॉलेज केलेल्या कुणालाही आठवत असेल. खाली कोनिकल फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड, आधी गरम करून घेतलेलं, वर ब्युरेटमध्ये जांभळं परमँगनेट. थेंब पडतो, रंग उमटतो, फ्लास्क हलवला की विरतो. सुरुवातीचे थेंब विरायला वेळ घेतात, मग भराभर विरू लागतात, आणि तिथेच हात सैल सुटतो. एक थेंब असा येतो की फिकट गुलाबी छटा टिकते. तिथे थांबायचं. त्यापुढे थेंब गेला की फ्लास्क गडद होतो, ओतून द्यायचा, धुवायचा, पुन्हा सुरू. जुळणारी तीन रीडिंग येईपर्यंत. पंधरा-सोळाव्या वर्षी हे करताना पोरं चरफडतात, शेजारणीचं रीडिंग ढापतात, परीक्षेच्या दिवशी लॅबमधल्या मामांना डोळ्यांनीच विचारतात. पण फ्लास्क गडद झाला तो माझ्या हाताने, हे कळतं.

माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांनी हे केलेलंच नसतं. त्यांचं नाव एका कॉलेजच्या पटावर होतं आणि ती दोन वर्षं बसली होती क्लासमध्ये. यालाच ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात. जर्नल सर्टिफाइड असतं, रीडिंग सुबक असतात, तिन्ही एकसारखी. ब्युरेटची तोटी कुठल्या हाताने धरायची हे मात्र ठाऊक नसतं. सरकारने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी आणायचं ठरवलं. अंगठा देऊन क्लास गाठणं फार अवघड नव्हतं. सीबीएसईही अलीकडे डमी शाळांवर डोळे वटारते आहे.

या मुलांना मी विचारतो, अकरावी-बारावीत काय चुकलं? ती गोंधळतात. खोडी नाही, उनाडकी नाही, चुकीचा विषय नाही, अर्धवट सोडलेली कादंबरी नाही. सगळं दुसऱ्याने आखलेलं आणि त्यांनी ते बिनचूक पाळलेलं. त्यांची एकच चूक मोजली जाते, नीटच्या उत्तरपत्रिकेत, प्रत्येक चुकीला एक गुण वजा. रँक आली नाही तर रिपीटर बॅच आहे, म्हणजे पश्चात्तापाचीही फी भरून सोय. मित्रांनी निश्चिंत असावं: पश्चात्ताप करू नका, हे या पिढीला सांगायला नको. तसा करावा असं काही आपण त्यांच्या वाट्याला येऊच दिलेलं नाही.

इथवर लिहून लेख संपवायचा माझा विचार होता. पण एक आक्षेप सोडत नाही, आणि तो मित्रांचा नाही.

लातूरकडचा एक पालक. थोडी कोरडवाहू जमीन, त्यात सोयाबीन. मुलगा क्लासला, बायको खोली करून मुलाजवळ, हा गावात एकटा. माझं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, “सर, तुमच्या पोराला चुकायला जागा हाय. आमच्या पोराला एकच डाव.” मी काही बोललो, ते महत्त्वाचं नाही. लातूर पॅटर्नची टिंगल पुण्यात बसून करणं सोपं आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या शिक्षकांनी जादा तास घेतले, सरावपरीक्षांवर सरावपरीक्षा घेतल्या, आणि गुणवत्तायादी ही दोन-चार शहरांतल्या दोन-चार शाळांची वडिलोपार्जित मालमत्ता नाही हे दाखवून दिलं. शेतकऱ्याच्या करातून वरच्या वर्गांचं उच्चशिक्षण चालतं, अशी तक्रार जोतिरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केली होती. ती करणाऱ्यांच्या वारसांना घोकंपट्टीचा एक जिना सापडला, तर भटकण्याचा आनंद सांगत आपण त्याच्या पायथ्याशी उभं राहायचं?

म्हणून माझं मघाचं म्हणणं मी जसंच्या तसं ठेवत नाही. चुकण्याची मोकळीक ही चांगलीच गोष्ट आहे, पण ती सवलत आहे, आणि इतर सवलतींसारखीच ती ज्यांना गरज कमी त्यांना आधी मिळते. पेठेतल्या मुलाने सायन्स सोडून चित्रकलेला जावं, दोन वर्षांनी परत यावं. घर आहे, जेवण आहे, बाबांचा मित्र कुठेतरी ओळखीचा आहे. कोरडवाहूवाल्याला एक वर्ष गेलं म्हणजे एक हंगाम गेला आणि वर सावकार. नाईकांनी १९७५ मध्ये समता, गुणवत्ता आणि संख्या यांच्या हुलकावणी देणाऱ्या त्रिकोणावर पुस्तक लिहिलं, त्यातली समतेची बाजू ती हीच. मुलांना चुका करू द्या हे सांगण्याआधी चुकीची किंमत कोण भरणार ते ठरवायला हवं. शाखा बदलली तर वर्ष वाया न जाणं, कॉमर्समधून विज्ञानाकडे येणारा एखादा जोडवर्ग, बारावीनंतर परतण्याची वाट: असल्या कंटाळवाण्या, जीआर काढून होणाऱ्या गोष्टी. त्यांवर भाषण रंगत नाही.

आणि काहींच्या बाबतीत तर निवडही झालेली नसते. आमच्या कॉलेजला कनिष्ठ विभाग जोडलेला आहे. जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर मी बसतो. एक मुलगी आली, विज्ञान आणि गणितात उत्तम गुण, अर्ज आर्ट्सचा. मी विचारलं, आवड आहे का? ती म्हणाली, “नाही सर, गाडी नाही.” अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, तो तिच्याकडे होता. पण आमची प्रॅक्टिकल दुपारी, सुटतात पावणेपाचला. तिच्या गावची गाडी साडेचारला. त्यानंतर थेट मुक्कामी.

सकाळी आमची लॅब रिकामी असते, कारण तिथे ज्यांनी असायला हवं ती पटावरची मुलं तेव्हा क्लासला असतात. एक बॅच सकाळी घ्यावी असा प्रस्ताव मी विभागात मांडला. वेळापत्रक पोर्टलवर चढलं आहे, असं सांगण्यात आलं. विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर आहे. तोवर ती इतिहास शिकते आहे, आणि बरा शिकते आहे असं तिचे सर म्हणाले.