बांध आणि मोबदला

राष्ट्राच्या अवनतीची चिकित्सा करणारे दोन पक्ष सर्वत्र आढळतात. एक म्हणतो, दारिद्र्य हेच सर्व दोषांचे मूळ होय. द्रव्य वाढवा, म्हणजे शील आपोआप सुधारेल. दुसरा म्हणतो, शील ढळले म्हणूनच दैन्य आले. आधी अंतःकरण शुद्ध करा. जिज्ञासू वाचकांनी ह्या वादाची परीक्षा केवळ शब्दांत न करता एका भूमीवर करून पाहावी. ती भूमी म्हणजे नवी मुंबई.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण ह्या भागांतील ९५ गावांची जमीन नव्या नगरासाठी संपादित होऊ लागली. भूमीच्या बदल्यात मोबदला, हा व्यवहार वरवर पाहता सरळ दिसतो. परंतु शेतकऱ्यापासून काय गेले, ह्याचा हिशेब केवळ एकरांत होत नाही. ह्यांतील बरीचशी शेती खाडीकाठची खार जमीन. भरतीचे पाणी बांधाने अडवावे, पावसाच्या पाण्याने जमिनीतील खार धुऊन जावा, तेव्हा कोठे भात पिकावे. उधाणाच्या भरतीने बांधास खांड पडली, तर आत शिरणारे पाणी हे शेत अमक्याचे आणि ते तमक्याचे असा भेद करीत नाही. म्हणून एरवी वैर धरणारे शेजारीही त्या घटकेस एकाच खांडीवर चिखल टाकीत. परस्परसाहाय्य हा तेथे उपदेशाचा विषय नव्हता, निर्वाहाची अट होती. अर्थ आणि नीती असे जे दोन कप्पे आपण करतो, ते त्या बांधावर नव्हतेच.

भूमी गेली, तिच्याबरोबर ती अटही गेली. हाती आलेली रोकड ज्याची त्याची असते. तिच्या रक्षणाला शेजारी लागत नाही.

येथे कोणी पूर्वपक्ष करील की, लोकांनी तो पैसा हळदीच्या रात्री, मद्यात आणि वाहनांत उधळला, हा त्यांच्याच विवेकाचा दोष नव्हे काय? दोष आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. ज्या आगरी लग्नांत धवलारीण धवळे गात असे, तेथे आता कर्णकर्कश यंत्रे वाजतात. (महदंबेच्या रुक्मिणीविवाहाच्या धवळ्यांशी परिचय असलेल्या वाचकास हे विशेष खटकेल.) तथापि ह्या उपदेशाचा अधिकार कोणास आहे, हेही पाहिले पाहिजे. त्याच भूमीवरील घरात राहून तेथील मूळ रहिवाशास संयम शिकविणे शोभत नाही. शिवाय त्यांचे शील मुळातच ढळले होते, असे इतिहास सांगत नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली उरण भागात न्याय्य मोबदल्यासाठी आंदोलन झाले. त्यात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकरी मृत्यू पावले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. प्राण देणाऱ्यांच्या वाट्याला त्या भूखंडातले काहीच आले नाही. लोभी मनुष्याकडून असे आचरण घडत नसते.

म्हणजे पहिला पक्ष जिंकला काय? तसेही नाही. भूखंड मिळाले, त्यांचे मोल वाढत गेले, आणि तेथेच खरी कसोटी लागली. अनेक घरांत विवाहित बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले गेले. १९९४ साली महाराष्ट्राच्या व २००५ साली केंद्राच्या कायद्याने कन्येस वडिलोपार्जित मालमत्तेत पुत्राप्रमाणे हक्क दिला; तरी माहेर तुटेल ह्या भयाने तिने सही केली. आमची भूमी योग्य मोल न देता घेतली, अशी शासनाविरुद्धची ज्याची रास्त तक्रार, त्यानेच काहीही न देता बहिणीचा वाटा घेतला. हे दारिद्र्यामुळे घडले असे म्हणता येणार नाही. द्रव्य आल्यावरच घडले. शासनाने उद्या मोबदला दुप्पट केला, तरी ही सही टळणार नाही, कारण ती टाळणारा विवेक कोणत्याही योजनेत बसत नाही. आणि नुसत्या प्रवचनानेही ती टळेल असे मला वाटत नाही. वाटणीच्या दिवशी गावातील वडीलधारे ‘बहिणीचा भाग कोठे?’ असे उघड विचारतील, तरच भाऊ थबकेल. खांडीवर सर्वांना बोलावणारी माणसे हीच होती.

२०२४ साली उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रात आणखी एका नवनगराची अधिसूचना निघाली आहे. त्यांपैकी काही गावांत खारबांध अद्याप उभे आहेत, आणि तेथील वाटण्या व्हावयाच्या आहेत.