बेगमी आणि झुंबड

दि. २४ मार्च २०२० रोजी रात्री ८ वाजता पंतप्रधानांनी मध्यरात्रीपासून २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. दुसरे दिवशी गुढीपाडवा. धान्य व औषधे मिळत राहतील, असे शासन सांगत असताही ठिकठिकाणी किराण्याच्या दुकानांपुढे झुंबड उडाली.

गृहस्थाने साठवूच नये काय? शास्त्र तसे म्हणत नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थ ब्राह्मणाचे चार प्रकार आहेत: कणगीभर धान्य राखणारा, घडाभर राखणारा, तीन दिवसांपुरते राखणारा आणि उद्याचेही न ठेवणारा. यांत पुढचा पुढचा श्रेष्ठ मानला आहे. परंतु कणगीवाला अधर्मी ठरविलेला नाही. धार-देवासकडील आपल्या जुन्या घरांतून उन्हाळ्यात वर्षाचा गहू घेऊन, ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरण्याची रीत होतीच. खळी भरलेली असताना केलेल्या या बेगमीने कोणाचे ताट रिकामे होत नाही.

ऐनवेळी उचललेली पाचवी पिशवी मात्र मागे उभ्या असलेल्याच्या वाट्यातून येते. आणि ज्याचे हातावर पोट, तो त्या रांगेतही नसतो. रोजची मजुरी हाती पडेल तेव्हा त्याने पीठमीठ घ्यावयाचे. उद्याचे न ठेवणारा असा तोच. पण हे व्रत त्याने घेतलेले नाही, त्याच्यावर ते लादलेले आहे. त्याला श्रेष्ठ म्हणून आपण मोकळे कसे व्हावे?

भय खरे होते. तान्हे मूल घरी असता एखाद्या मातेने दुधाची भुकटी अधिक घेतली, तर तिला लोभी कोण म्हणेल? परंतु घरची कोठी भरलेली असूनही जो त्या रात्री पिशव्या घेऊन धावला, त्याचे उत्तर निराळे असले पाहिजे. आणि ते मागण्याचा पहिला अधिकार त्याच्याच गल्लीतील मजुराचा.