अमान : व्हिसाच्या कागदामागचा करार

गेल्या महिन्यात मगरिबच्या नमाजनंतर एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन वुजूखान्याजवळ माझी वाट पाहत थांबले होते. मुलगा अभियंता. पुढील शिक्षणासाठी दोन वर्षांकरिता जर्मनीला निघालेला. बोट क्लब रस्त्यावरच्या मॅक्समुल्लर भवनात त्याने जर्मन भाषा शिकून घेतली होती, पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का उमटला होता, आणि त्यांच्या कोंढव्याच्या घरातून इतक्या लांब जाणारा तो पहिलाच होता. वडिलांना प्रवासाची दुआ हवी होती. मुलाला मात्र एक प्रश्न विचारायचा होता, आणि तो विचारताना तो थोडा संकोचला.

"मौलाना, तिथे मध्यरात्री रस्ता पूर्ण रिकामा असला तरी पायी चालणारेसुद्धा लाल दिव्यापाशी थांबतात म्हणे. कुणीही पाहत नसताना मी तो रस्ता ओलांडला, तर अल्लाहपाशी त्याचा जाब द्यावा लागेल का? की तो केवळ त्यांचा रिवाज?"

"अरे, हलाल खाण्याचं विचार, नमाजच्या वेळांचं विचार," वडील म्हणाले. "हे काय दिव्याचं घेऊन बसलास?"

मला मात्र तो प्रश्न लहान वाटला नाही. परदेशी निघालेल्या तरुणाला आपण सगळे दोन प्रकारचे उपदेश करतो. एक सुरक्षिततेचा : जपून राहा, कायद्याच्या कचाट्यात सापडू नकोस. दुसरा शिष्टाचाराचा : तिथल्या लोकांचा मान ठेव, आपल्या समाजाचे नाव खराब होऊ देऊ नकोस. दोन्ही उपदेश योग्यच आहेत. परंतु पहिल्याचा पाया भीती आहे आणि दुसऱ्याचा लोकलज्जा. मध्यरात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर पोलीसही नसतो आणि लोकही नसतात. मग त्या दिव्यापाशी थांबण्याचे कारण कोणते उरते?

मदरशात हिदाया हा ग्रंथ शिकत असताना त्यातले एक प्रकरण आम्हा मुलांना फार दूरचे वाटे. बाराव्या शतकातील इमाम मरगीनानी यांच्या या ग्रंथात ‘मुस्तअमिन’ नावाच्या प्रवाशाविषयी स्वतंत्र विवेचन आहे. परक्या राज्याकडून अमान, म्हणजे अभय, घेऊन जो तिथे प्रवेश करतो तो मुस्तअमिन. एखादा मुस्लिम व्यापारी असे अभय घेऊन गेला, तर तिथल्या लोकांच्या जिवाला किंवा मालमत्तेला धक्का लावणे त्याला हराम आहे. कारण अभय मागताना त्यानेही न बोलता एक वचन दिलेले असते. त्याने दगा करून तिथून काही मिळवून आणलेच, तर तो माल त्याने स्वतःसाठी वापरू नये, सदका करून टाकावा, असे तिथे सांगितले आहे. हे सारे विवेचन ज्यांच्याशी युद्ध चालू आहे अशा राज्यासंबंधीचे आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शत्रूच्या भूमीत जर ही जबाबदारी, तर ज्या देशाने विद्यापीठाचे दार उघडून आपल्या मुलाला बोलावले, त्या देशासंबंधी ती किती अधिक असेल?

आजचा व्हिसा म्हणजे तीच अमान होय. मी तुमच्या नियमांनुसार राहीन, हे प्रवासी सांगतो. आम्ही तुझ्या जिवाचे व मालाचे रक्षण करू, हे ते राज्य सांगते. पवित्र कुरआनातील सूरह माइदाची सुरुवातच श्रद्धावंतांना करार पाळण्याच्या आज्ञेने होते, आणि सूरह बनी इस्राईलमध्ये दिलेल्या वचनाविषयी विचारणा होईल असे बजावले आहे. कराराच्या दुसऱ्या बाजूला मुस्लिम असेल तरच, अशी अट या आज्ञांना नाही.

हजरत हुजैफा (रजि.) यांची हकिकत अनेक वाचकांना ठाऊक असेल. ते व त्यांचे वडील मदीनेकडे येत असताना कुरैशांनी त्यांना अडवले आणि प्रेषितांच्या बाजूने लढणार नाही, असे वचन घेऊनच सोडले. पुढे बद्रची वेळ आली. मुस्लिमांची संख्या तीनशेच्या थोडी वर, समोर त्यांच्या तिप्पट फौज. एकेक माणूस मोलाचा होता. तरीही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बापलेकांना वचन पाळण्यास सांगितले आणि ते दोघे बद्रच्या युद्धात सहभागी झाले नाहीत. ते वचन शत्रूला दिलेले होते, दबावाखाली दिलेले होते, आणि ते मोडण्यास सबळ निमित्तही होते. इतक्या अवघड जागी वचन टिकते, तर लाल दिव्यापाशी अर्धे मिनिट का टिकू नये?

यावर कुणी म्हणेल, कायदा ठीक, परंतु रिवाजाचे काय? रिवाज तर कुठे लिहिलेला नसतो. आपल्या फुकहांनी याचाही विचार केलेला आहे. समाजात रूढीने जे सर्वांना ठाऊक असते, ते करारात अट म्हणून लिहिल्यासारखेच मानावे, हे तत्त्व हनफी फिक्हमध्ये प्रसिद्ध आहे. जर्मनीत रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत शांतता पाळतात. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या बाटल्याही काचेच्या कुंडीत टाकायच्या नाहीत. खोली भाड्याने घेणाऱ्याने हे सारे मान्य केलेले आहे, असे घरमालक गृहीत धरतो. उन्हाळ्यात तिथे फजरची वेळ पहाटे तीनच्या सुमारास येते. लाकडी जमिनीच्या खोलीत मोबाइलवर मोठ्याने अजान लावून जागे होणारा मुलगा स्वतःची नमाज तर अदा करील, पण खालच्या मजल्यावरच्या म्हातारीची झोप मोडील. शेजाऱ्याच्या हक्काविषयी जिब्रील (अलै.) यांनी प्रेषितांना (स.) इतक्या वेळा बजावले की शेजारी वारसदारच ठरतो की काय, असे त्यांना वाटू लागले होते. उशीखाली थरथरणारा घड्याळाचा पट्टा मिळतो, तो घ्यावा.

मी मुलाला म्हटले, मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण माझ्या मते तू थांबावेस. तो हसून म्हणाला, "आणि पुण्यात?" या प्रश्नाला माझ्याकडे सोयीचे उत्तर नव्हते. जुम्माच्या दिवशी मशिदीबाहेर दुहेरी रांगेत लागलेल्या गाड्या आणि त्यांमध्ये अडकलेली एखादी रुग्णवाहिका मी पाहिलेली आहे. नागरिकत्व हाही करारच आहे. तो जन्माबरोबर मिळतो, म्हणून आपल्याला आठवत नाही इतकेच.

सूरह कहफमध्ये एक लहानसा प्रवास आहे. गुहेतील तरुण दीर्घ निद्रेतून जागे होतात आणि आपल्यापैकी एकाला चांदीचे नाणे देऊन शहरात पाठवतात. त्याला तीन गोष्टी सांगतात : सर्वांत शुद्ध अन्न कुठे आहे ते पाहा, वागण्यात ‘तलत्तुफ’ ठेव, आणि आपला पत्ता कुणाला लागू देऊ नकोस. पकडले गेल्यास जिवाचा धोका होता. तलत्तुफ या शब्दाचा अर्थ काही मुफस्सिर सौम्य वागणूक असा करतात, तर काही सावधगिरी असा. मला वाटते, निवड करण्याची गरजच नाही. अनोळखी बाजारात जो हळू बोलतो, घासाघीस करताना आवाज चढवत नाही, आधी पाहतो आणि मग पाऊल टाकतो, तो सौम्यही असतो आणि सुरक्षितही. आपल्या कुरआनच्या प्रतींत हा शब्द मध्यभागाची खूण म्हणून अनेकदा ठळक छापलेला असतो. लहानपणी मी तो केवळ निम्मे पठण झाल्याच्या आनंदाने पाहत असे.

मात्र सौम्यता म्हणजे सर्व काही मान्य करणे नव्हे. हबशाच्या हिजरतीत हजरत जाफर (रजि.) आणि त्यांचे सोबती नजाशीच्या आश्रयाला गेले, त्याच्या राज्यात शांततेने राहिले. पण रिवायतींत येते की, राजापुढे सजदा करण्याची तिथली रीत त्यांनी पाळली नाही. विचारणा झाली तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, खोटे कारणही दिले नाही. आम्ही सजदा फक्त अल्लाहला करतो, एवढेच सांगितले. नजाशीने त्यांचे अभय काढून घेतले नाही. विद्यार्थ्यांच्या मेजवानीत मद्याचा पेला पुढे आला, तर आपला मुलगा हेच करू शकतो. "मी घेत नाही, धन्यवाद" एवढे वाक्य पुरे. पलीकडच्याच्या पेल्यावर प्रवचन नको. परस्त्रीने हस्तांदोलनासाठी हात पुढे केल्यास हात छातीशी नेऊन हसतमुखाने अभिवादन करता येते. ओळखीच्या पहिल्याच दिवशी आपली रीत सांगून ठेवली, तर कुणाचा अपमान होत नाही.

या बाबतीत थोर प्रवासीही अडखळले आहेत. इब्न बतूता 1325 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मोरोक्कोतील तंजाहून निघाले. ट्यूनिसला पोहोचल्यावर सारे एकमेकांना सलाम करीत होते, यांना मात्र कुणी ओळखत नव्हते; तेव्हा आपल्याला रडू आवरले नाही, असे त्यांनीच सांगितले आहे. वसतिगृहात पहिली रात्र काढलेल्या प्रत्येक मुलाला हे ठाऊक असते. पुढे ते आपल्या दौलताबादेत आणि नंदुरबारातही आले आणि इथल्या मराठ्यांचे हस्तकौशल्य, त्यांचा भात, भाजी व तिळाच्या तेलाचा आहार, प्राण्यांना दुखवण्याविषयीची त्यांची नावड यांची नोंद त्यांनी कुठलाही शेरा न मारता केली. तेच इब्न बतूता मालदीवमध्ये काझी झाले आणि तिथल्या स्त्रियांचा पेहराव बदलायला निघाले. न्यायासनासमोर येणाऱ्या स्त्रीपुरते त्यांचे चालले, बाहेर नाही. त्यांच्याजवळ निदान काझीपदाचा अधिकार तरी होता. आपल्याजवळ विद्यार्थ्याचे ओळखपत्र असते.

आता एका अशा गोष्टीकडे वळतो, जी आपल्या घरांत सर्वाधिक घडते आणि जिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते : दुसऱ्याचे सामान नेणे. 2019 च्या जुलैमध्ये मुंबईचे एक मुस्लिम दांपत्य कतारला गेले. सहल नात्यातल्याच एका स्त्रीने घडवून आणली होती आणि तिथे कुणाला तरी देण्यासाठी एक पुडके सोबत दिले होते. दोहाच्या विमानतळावर त्यातून सुमारे चार किलो चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गरोदर होती; मूल तुरुंगात जन्मले. फेरसुनावणीत दोघे निर्दोष ठरले आणि एप्रिल 2021 मध्ये मायदेशी परतले. जवळपास दोन वर्षे एका पुडक्यापायी गेली.

त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. मी स्वतः पहिल्या उमराला निघालो तेव्हा मोहल्ल्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी जिद्दाच्या नातलगासाठी चिकटपट्टीने बंद केलेला खोका दिला. "काय आहे" असे विचारणे मला बेअदबीचे वाटले. कस्टम्सच्या अधिकाऱ्याने तो पुढ्यात ठेवून विचारले, यात काय आहे? मी म्हणालो, ठाऊक नाही. त्याने माझ्या दाढीकडे व टोपीकडे पाहिले आणि पुन्हा विचारले, ठाऊक नसताना आणलेत? आत लोणचे आणि साखरेच्या आजाराच्या गोळ्या निघाल्या. त्या चार मिनिटांत मला कळले की ज्याला मी अमानत समजत होतो ती माझी भीड होती. अमानत स्वीकारणाऱ्याला ती काय आहे हे ठाऊक असावे लागते. शिवाय मी त्या देशाला आधीच एक वचन देऊन आलो होतो, आणि त्या वचनाच्या विरुद्ध काही माझ्या हातात आहे की नाही, हेच मला माहीत नव्हते.

असेच आपल्या खसखशीचे. शीरखुर्म्यात, मटणाच्या वाटणात ती हवीच. आई मुलाच्या बॅगेत पाव किलो घालते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेला पदार्थ आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते. खोकल्याची वा वेदनेची काही औषधेही तिथे परवानगीशिवाय चालत नाहीत. आईचे प्रेम निष्पाप आहे, पण विमानतळावरच्या यंत्राला प्रेम दिसत नाही.

कराराला दुसरी बाजूही आहे, ती खाडी देशांत मजुरीला जाणाऱ्या बांधवांसाठी सांगणे आवश्यक. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट सहसा ईसीआर शिक्क्याचा असतो आणि खाडी देशांत नोकरीसाठी जाताना 1983 च्या कायद्यानुसार त्यांना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. दलाल हा फेरा टाळण्यासाठी पर्यटक व्हिसावर पाठवतो. असा माणूस पहिल्याच दिवशी अमान मोडून आत शिरतो, आणि पगार बुडाला की दाद मागायलाही घाबरतो. उलट, जो रीतसर गेला त्याचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवला, तर करार मालकाने मोडलेला असतो. सौदी व अमिरातीचा कायदाही त्याला तशी मुभा देत नाही. तिथे सब्र करत बसू नये, भारतीय दूतावासाकडे जावे. जुलूम सोसणे हा कोणत्याही अमानचा भाग नाही.

आणि आपण यजमान असतो तेव्हा? पुण्यात इराण, येमेन, अफगाणिस्तान, आफ्रिकेतून विद्यार्थी येतात ते आज नव्हे, अनेक दशकांपासून. त्यांनी गच्चीवर रात्री गाणी लावली तर आपण सोसायटीची सभा बोलावतो, ते योग्यही असेल. पण त्यांच्याकडून दीडपट भाडे आणि परत न करण्याच्या इराद्याने अनामत घेणारे घरमालक आपल्यातही आहेत. त्या मुलांच्याही आया घरी दुआ करीत बसलेल्या असतात.

परवा त्या मुलाच्या घरी निरोपाच्या दुआसाठी गेलो. दिवाणखान्यात बॅगेचे वजन चालले होते. विमान दुबईत बदलायचे असल्याने खसखशीची पुडी फडताळात परत गेली होती, आणि आई त्यावर थोडी नाराज होती. इतक्यात शेजारच्या खाला एक शिवलेले पाकीट घेऊन आल्या; फ्रँकफुर्टमधल्या भाच्यासाठी. मुलाने त्यांना सलाम केला, बसायला खुर्ची दिली आणि पाकीट दोन्ही हातांत धरून विचारले, "खाला, तुमच्यासमोर उघडून पाहू का?" खोलीत क्षणभर कुणी काही बोलले नाही. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मग खालांनी स्वतःच कात्री मागितली.