काय सोडावे, काय धरावे

इंग्रजीत ‘पर्सिव्हिअर’ असे क्रियापद आहे. अडचणी आल्या तरी हाती घेतलेले चांगले काम नेटाने करीत राहणे, हा त्याचा अर्थ.

भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई पंडवानीतून महाभारत गाऊ लागल्या. स्त्रियांनी ती बसूनच गावी, असा रिवाज होता. त्या उभ्या राहून गायल्या. गाते म्हणून समाजाने त्यांना बाहेर काढले. त्यांनी वेगळी झोपडी बांधली, शेजाऱ्यांकडून भांडी व अन्न मागून घेतले, पण गाणे थांबवले नाही. पद्मविभूषण पुष्कळ पुढे, २०१९ मध्ये मिळाले.

हट्टी मनुष्य काहीच सोडत नाही. तीजनबाईंनी आसरा सोडला, मागण्याचा संकोचही सोडला. धरून ठेवले ते फक्त गाणे. आपल्या साधनेत आपण नेमके काय धरून आहोत?